सहामाहीचा पेढा

२०२५ सालच्या डिसेंबर महिन्यांतील गोष्ट. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरांत राहतात. रविवारीं सकाळीं आमची स्नानसंध्या आटोपते तेव्हां तिकडे शनिवारची सायंकाळ असते आणि त्या सुमारास त्यांच्याशीं आमचें बोलणें होतें. त्या दिवशीं चिरंजीवांस बाजूस सारून आमचा दहा वर्षांचा नातूच पुढें आला आणि म्हणाला, "आजोबा, ओक्लाहोमा सिटीचा संघ २५ पैकीं २४ सामने जिंकला! आमच्या वॉरियर्सनीं दहा वर्षांपूर्वीं असेंच केलें होतें. म्हणजे आतां अजिंक्यपद त्यांनाच मिळणार ना?"

आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें. बास्केटबॉलचा चेंडू हातीं धरल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. परंतु प्रश्न मात्र जुन्या ओळखीचा निघाला. चौतीस वर्षें दर दिवाळीच्या सुटीनंतर कोणी ना कोणी पालक पेढ्यांची पुडी घेऊन आमच्याकडे येत आणि हेंच विचारीत: "चिरंजीव सहामाहींत पहिले आले. आतां शालान्त परीक्षेंत काय होईल?" आम्ही पेढा तोंडांत टाकून "उत्तमच होईल" असें म्हणत असूं. नातवाला तसें म्हणवेना. "पुढच्या रविवारीं सांगतों," असें सांगून आम्हीं आठवडाभर या खेळाचा इतिहास चाळला. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों.

ज्यांच्या मुलांच्या शाळेंत या खेळाचें मैदान आहे त्यांस खेळ समजावून सांगणें नको. इतरांसाठीं एवढेंच कीं, दोन्ही बाजूंस पांच पांच गडी असतात; दहा फूट उंचीवर जाळी लावलेलें एक लोखंडी कडें असतें; त्यांतून चेंडू टाकला म्हणजे गुण मिळतात. जवळून टाकल्यास दोन, आंखलेल्या कमानीबाहेरून टाकल्यास तीन. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ नांवाच्या व्यायामशिक्षकानें, हिवाळ्यांत इमारतीच्या आंत खेळतां येईल असें कांहीं वर्गासाठीं हवें म्हणून, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकून हा खेळ काढला. म्हणजे खेळाचा मूळ पुरुष आमच्याच व्यवसायाचा!

तेथील मुख्य स्पर्धेंत आतां ३० संघ आहेत. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. निम्मे स्वतःच्या गांवीं, निम्मे परगांवीं. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर या झाल्या वर्षभराच्या चाचण्या. यानंतर १६ संघांची अंतिम परीक्षा सुरू होते आणि तिची रीत अगदीं निराळी आहे. तेथें दोन संघ एकमेकांशींच खेळत राहतात. सातांपैकीं चार सामने जो आधीं जिंकेल तो पुढें जातो, दुसरा घरीं परततो. असे चार टप्पे जो ओलांडील तो अजिंक्य. हा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सारें त्यावर उभें आहे.

संस्कृतांत स्थालीपुलाकन्याय म्हणून एक न्याय आहे. पातेल्यांतील एक शीत दाबून पाहिलें म्हणजे सगळा भात शिजला कीं नाहीं तें कळतें. नातवाचा तर्क याच जातीचा होता: पहिले २५ सामने हें शीत, आणि वर्षाचें फळ हा भात. तर्क वाईट नाहीं. मात्र या न्यायाला एक अट आहे, आणि ती आमच्या घरांतील मंडळी न बोलतां पाळतात: सगळीं शितें एकाच पातेल्यांत आणि एकाच आंचेवर असलीं पाहिजेत. मध्येंच पातेलें बदललें, आंच वाढली, तर पहिल्या शिताची साक्ष कितपत चालेल?

प्रथम नातवाच्याच लाडक्या संघाची हकीकत पाहूं. २०१५ च्या जूनमध्यें गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ अजिंक्य ठरला. त्याचें ठाणें तेव्हां ओकलंड येथें होतें. २७ ऑक्टोबर २०१५ रोजीं त्यांचा नवा हंगाम सुरू झाला आणि तेथून लागोपाठ २४ सामने त्यांनीं जिंकले. आरंभापासून इतकी अखंड विजयमालिका त्यापूर्वीं कोणालाही साधली नव्हती. मुख्य प्रशिक्षक स्टीव्ह कर हे पाठीच्या शस्त्रक्रियेमुळें त्या वेळीं रजेवर होते. त्यांचे साहाय्यक ल्यूक वॉल्टन संघ सांभाळीत होते. मास्तर वर्गांत नसतां वर्ग पहिला यावा, असाच हा प्रकार.

११ डिसेंबरच्या रात्रीं बॉस्टन येथें बरोबरी सुटेना म्हणून दोनदां जादा वेळ खेळावा लागला. दुसऱ्याच रात्रीं मिलवॉकीचा सामना. परगांवच्या सात सामन्यांच्या फेरींतील हा अखेरचा. तेथील कित्येक प्रेक्षक '२४-१' असे आंकडे छापलेले सदरे घालूनच आले होते. त्यांचे सदरे खरे ठरले. थकलेला संघ १०८-९५ असा हरला.

आतां कोणास वाटेल कीं, नव्याचे नऊ दिवस संपले आणि येथून उतरती कळा लागली. तसें कांहींच झालें नाहीं. उरलेल्या ५७ सामन्यांपैकीं ४९ त्यांनीं जिंकले आणि १३ एप्रिल २०१६ रोजीं ७३ विजय व ९ पराभव अशी नोंद करून हंगाम संपविला. शिकागोच्या संघाचा १९९५-९६ सालचा ७२ विजयांचा उच्चांक मागें पडला. त्या शिकागो संघांत हेच स्टीव्ह कर स्वतः गडी म्हणून खेळले होते. स्टीफन करी यानें त्या हंगामांत कमानीबाहेरून ४०२ वेळां चेंडू जाळींत टाकला. पूर्वीचा उच्चांक २८६, आणि तोही त्याचाच. सहा महिन्यांत हा संघ लागोपाठ दोन सामने एकदांही हरला नाहीं. ज्या नऊ संघांनीं त्यास हरविलें, त्यांपैकीं एकालाही तें दुसऱ्यांदां साधलें नाहीं. म्हणजे आरंभींचें यश टिकलें, निःसंशय टिकलें.

परंतु अजिंक्यपद मिळालें नाहीं.

अंतिम परीक्षेच्या पहिल्या दोन टप्प्यांत ते फारसे अडखळले नाहींत, तरी त्यांत करीचा प्रथम घोटा व मागाहून गुडघा दुखावला. तिसऱ्या टप्प्यांत ओक्लाहोमा सिटीनें त्यांस तीन वेळां हरविलें. ३-१ अशा अवस्थेंतून लागोपाठ तीन सामने जिंकून ते कसेबसे वर आले. शेवटच्या टप्प्यांत समोर क्लीव्हलंडचा संघ होता. तेथें वॉरियर्सच ३-१ असे पुढें होते आणि अंतिम टप्प्यांत इतकी आघाडी मिळविलेला संघ तोंवर कधींच हरला नव्हता. पांचव्या सामन्यास ड्रेमंड ग्रीन हा त्यांचा आधारस्तंभ खेळूं शकला नाहीं, कारण नियमबाह्य धसमुसळेपणाची त्याची नोंद मर्यादेपलीकडे गेली होती. त्याच सामन्यांत उंचापुरा अँड्र्यू बोगट गुडघा दुखावून बाहेर पडला. त्या रात्रीं क्लीव्हलंडच्या लेब्रॉन जेम्स व कायरी अर्विंग या दोघांनीं प्रत्येकीं ४१ गुण मिळविले. पाहतां पाहतां ३-३ अशी बरोबरी झाली. सहा सामन्यांतील दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज केली तर ती ६१०-६१० अशी तंतोतंत सारखी येते!

१९ जून २०१६ च्या सातव्या सामन्यांत ८९-८९ अशी बरोबरी असतां अखेरचीं साडेचार मिनिटें वॉरियर्सला एकही गुण मिळाला नाहीं. ५३ सेकंद उरलीं असतां अर्विंगचा चेंडू कमानीबाहेरून जाळींत गेला, आणि क्लीव्हलंड ९३-८९ असें जिंकलें. हातातोंडाशीं आलेला घास गेला. आमच्या नजरेंत भरला तो एक साधा हिशेब: ८२ सामन्यांत ९ पराभव, आणि अंतिम परीक्षेच्या २४ सामन्यांतही ९ पराभव. आंच बदलली ती अशी.

मग चांगला आरंभ हा अपशकुनच समजावा काय? मुळींच नाहीं. न्यूयॉर्कच्या निक्स संघानें १९६९-७० सालीं पहिल्या २४ पैकीं २३ सामने जिंकले. उरलेल्या ५८ मध्यें मात्र त्यांस ३७ च मिळाले. म्हणजे घोडदौडीची चाल झाली. तरी अजिंक्यपद त्यांनींच घेतलें. ह्यूस्टनच्या रॉकेट्सनीं १९९३-९४ सालीं २३ पैकीं २२ जिंकून आरंभ केला. पुढें ५९ पैकीं ३६ च जिंकले, आणि तेही अजिंक्य झाले. उलट १९४८-४९ सालीं वॉशिंग्टनचा कॅपिटल्स संघ पहिले १५ सामने ओळीनें जिंकला, पुढील ४५ पैकीं २३ जिंकला आणि अंतिम टप्प्यांत मिनिअ‍ॅपोलिसकडून हरला. क्लीव्हलंडनेंही २०२४-२५ सालीं आरंभींचे १५ जिंकले, एकूण ६४ जिंकले, आणि दुसऱ्याच टप्प्यांत इंडियानाकडून ४-१ असा मार खाल्ला.

या आंकड्यांवरून आम्हांस असें दिसतें कीं, 'यश टिकेल काय?' या एका प्रश्नाच्या पोटांत दोन प्रश्न दडलेले आहेत. पहिला, वेग टिकेल काय? त्याचें उत्तर बहुधा 'नाहीं' असेंच येतें. प्रतिस्पर्धी प्रत्येक सामन्याचीं चित्रें पाहून अभ्यास करीत असतात. प्रवास वाढतो, गडी दुखावतात, आणि आरंभीं दोन-चार गुणांनीं जिंकलेले निसटते सामने पुढें त्याच दोन-चार गुणांनीं जातात. दुसरा प्रश्न, फळ मिळेल काय? तो वेगावर अवलंबून नाहीं. निक्स आणि रॉकेट्स मंदावले आणि जिंकले. वॉरियर्स मंदावले नाहींत आणि हरले.

मग फळ कशावर अवलंबून? आमच्या मतें मुख्यतः दोन गोष्टींवर. एक, शेवटच्या महिन्यांत शरीर कितपत शाबूत राहतें. यांत दैवाचा भाग मोठा आहे, तो नाकारण्यांत अर्थ नाहीं. दुसरी, एकच प्रतिपक्षी पुनःपुन्हा समोर येऊन तुमचें मर्म शोधूं लागला असतां तुम्हांला बदलतां येतें काय. वर्षभरांत एका संघाशीं दोन ते चार वेळांच गांठ पडते; अंतिम परीक्षेंत दोन आठवड्यांत सात वेळां पडूं शकते. तेथें वर्षभर जिंकणाऱ्यास एक अडचण असते. त्यास बदलण्याचें कारणच पडलेलें नसतें. क्लीव्हलंडचें पाहा. १८ जानेवारी २०१६ रोजीं याच वॉरियर्सनीं त्यांस त्यांच्या अंगणांत १३२-९८ असें लोळविलें. चार दिवसांत क्लीव्हलंडनें आपला मुख्य प्रशिक्षक बदलला, आणि तोही ४१ पैकीं ३० सामने जिंकून दिलेला! जानेवारीच्या पराभवानें त्यांस जें विचारलें तें वॉरियर्सला जूनपर्यंत कोणीं विचारलेंच नाहीं.

त्या एप्रिलमध्यें असाही वाद झाला कीं, उच्चांकाचा पाठलाग सोडून गड्यांस विश्रांति द्यावी कीं नाहीं. गड्यांस उच्चांक हवा होता. तो त्यांनीं घेतला. यावर झटपट निकाल देऊं नये. सॅन अँटोनिओच्या संघानें त्याच वर्षीं आपल्या गड्यांस जपून विश्रांति दिली, ६७ सामने जिंकले, आणि तो दुसऱ्या टप्प्यांतच बाद झाला. उलट शिकागोनें ७२ विजयांचा उच्चांकही केला आणि अजिंक्यपदही घेतलें. तेव्हां उच्चांकानेंच घात केला असें म्हणणें हा काकतालीय न्याय होईल. इतकें मात्र खरें कीं, उच्चांक हें एक फळ आणि अजिंक्यपद हें दुसरें; पहिल्याची किंमत देतांना दुसऱ्याच्या शिधोरींतून कांहीं काढतों आहों काय, हें ज्याचें त्यानें पाहिलें पाहिजे.

हें लिहीत असतां आम्हांस एका विद्यार्थ्याची आठवण होते, आणि ती सुखाची नाहीं. वडील एका दुकानांत दिवाणजी, घरचें बेताचें. मुलगा दहावीच्या पहिल्या चाचणींत पहिला आला. सहामाहींत तर शाळेचा जुना उच्चांक त्यानें मोडला. शाळेच्या कार्यालयाबाहेर अशा नोंदींचा एक फलक होता. आम्ही त्याचे वर्गशिक्षक. आमच्या मनांत हांव शिरली. फलकावरील प्रत्येक ओळ या मुलाच्या नांवाची व्हावी असें आम्हीं ठरविलें. संस्कृतांत शंभरांपैकीं शंभर, वक्तृत्वाची ढाल, पाठांतराचें बक्षीस, पूर्वपरीक्षेचा उच्चांक, शिवाय एकही दिवस न चुकविल्याबद्दलचें पारितोषिक. मुलगा आज्ञाधारक, नाहीं म्हणणें त्यास ठाऊक नव्हतें. फेब्रुवारींत अंगांत कणकण असतां तो वर्गांत येऊन बसे. आम्हीं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला नाहीं. हजेरीपटावर मात्र रोज खूण केली.

मार्चमध्यें तो परीक्षेस बसला तो रिकाम्या भांड्यासारखा. गुण वाईट नव्हते. परंतु ज्या शिष्यवृत्तीवर त्याचें पुण्यास शिकावयास जाणें अवलंबून होतें ती थोडक्या गुणांनीं हुकली. तो गांवींच राहिला, नोकरी करीत शिकला आणि आज एका बँकेंत अधिकारी आहे. दिवाळींत नमस्कारास येतो. तीन वर्षांपूर्वीं बोलतां बोलतां तो सहज म्हणाला, "सर, मला त्या वर्षीं मार्चमध्यें एकदांच जिंकायचें होतें. तुम्हांला मी रोज जिंकायला हवा होतों." स्वरांत राग नव्हता. म्हणूनच तें वाक्य आम्हांस अजून विसरतां येत नाहीं. फलकावर त्याच्या नांवाच्या चार ओळी आहेत आणि त्या आम्हीं लिहविल्या आहेत.

पुढच्या रविवारीं नातवास आम्हीं वॉरियर्सच्या नऊ आणि नऊ पराभवांचा हिशेब सांगितला. त्या महिन्यांत ओक्लाहोमा सिटीनेंही आमच्या बोलण्यास पुष्टि दिली. २४-१ असा आरंभ केलेल्या त्या संघास १३ डिसेंबरपासून २५ डिसेंबरपर्यंत सॅन अँटोनिओ या एकाच संघानें तीनदां हरविलें. नातवानें सारें ऐकून घेतलें आणि मग विचारलें, "म्हणजे, आजोबा, वॉरियर्सनीं ७३ सामने जिंकायलाच नको होते का?"

मुलांचे प्रश्न असे असतात. आम्हीं क्षणभर विचार केला आणि सांगितलें, "तसें नव्हे रे बाळा. ते ७३ दिवस खरेच होते. ज्यांनीं ते पाहिले त्यांचा आनंद जूनमध्यें खोटा ठरला नाहीं. शिवाय ते गडी हरून बसून राहिले नाहींत. पुढच्या वर्षीं त्यांनीं ओक्लाहोमा सिटीच्या केव्हिन ड्युरंटला आपल्यांत घेतलें, ७३ ऐवजीं ६७ च सामने जिंकले, आणि अंतिम परीक्षेंत १७ पैकीं १६ जिंकून अजिंक्य झाले. सहा विजय कमी पडले म्हणून कोणीं रडलें नाहीं." यावर तो "हूं" म्हणाला. त्याचें समाधान झालें कीं नाहीं तें आम्हांस कळलें नाहीं. इतक्यांत त्याच्या आईनें त्यास जेवावयास बोलाविलें.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं यंदाही सहामाहीचे पेढे वांटले जातील. अवश्य वांटावे, मुलाच्या श्रमाचा तो मान आहे. मात्र पेढा देतांना मुलास पुढील उच्चांक सांगूं नये. त्याची झोप पुरी होते काय, अवघड वाटणारा एखादा विषय तो पहिल्या नंबरच्या आड लपवीत तर नाहीं ना, आणि चुकलेलें उदाहरण पुनः सोडविण्याची संवय त्यास राहिली आहे काय, एवढें पाहावें. आणि वर्गशिक्षकांनीं अधूनमधून मुलाच्या कपाळाला हात लावून पाहावा. आम्हीं तो लावला नाहीं, म्हणून सांगतों.